आभाळ बदलायचं, पण जमिनीला विचारून

गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून दिसणाऱ्या समुद्रावर केशरी सूर्य मावळतोय, असा फोटो कुणी पाठवला तर तो बनवलेला आहे हे न झूम करता सांगता येतं. चौकात उभं राहून कमानीकडे पाहिलं की पलीकडे दिसतो तो बंदराच्या बाजूचा समुद्र, म्हणजे पूर्वेचा. तिथे सूर्य उगवतो. मावळतो तो आपल्या पाठीमागे, कुलाब्याच्या इमारतींच्या पलीकडे. घारापुरीच्या लाँचमधून शहराकडे तोंड करून फोटो काढला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सूर्य खरोखरच कमानीमागे जाऊ शकतो. पण मग पाणी कमानीच्या अलीकडे असायला हवं.

असे फोटो तरीही बनत राहतात, कारण मुंबईत फोटो काढणाऱ्यांची अडचण खरी आहे. हवामान खात्याच्या हिशोबाने मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला निघतो. हे चार महिने ढगांचे. हिवाळ्यात वारा पडतो आणि बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर खालीच साठून राहतो. उन्हाळ्यात हवा दमट. मधल्या फटीत निळं आकाश मिळालं तर मिळालं. प्री-वेडिंगचं शूट, फ्लॅटची जाहिरात किंवा गावाहून आलेल्या पाहुण्यांचं मुंबई-दर्शन त्या फटीसाठी थांबत नाही. मग स्टुडिओत "दादा, मागे जरा सनसेट टाका ना" अशी फर्माईश होते आणि दादा टाकतात.

टाकणं आता एका बटणाचं काम आहे. नकली आकाश पकडलं जातं ते कडा वाईट कापल्या म्हणून कमी, आणि खालच्या उजेडाशी पटत नाही म्हणून जास्त. त्यामुळे बटण कुठे आहे ते मी थोडक्यात सांगणार आहे. उजेडाच्या हिशोबावर मात्र रेंगाळणार आहे.

मुळात आकाश पांढरं का येतं

सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. हवेतल्या वायूंचे रेणू फार बारीक असतात आणि ते निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं सोळा पट होतं, इतका हा फरक तीव्र आहे. म्हणून स्वच्छ आकाश निळं. धुळीचे, धुराचे, पाण्याचे कण मात्र रेणूंच्या मानाने खूप मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, आणि सगळे रंग सारखे मिसळले की पांढरा उरतो. ढग पांढरे दिसतात तेही याच कारणाने. शिवाय क्षितिजाकडे बघताना आपण हवेच्या सर्वांत लांब आणि सर्वांत मळकट पट्ट्यातून बघत असतो. डोक्यावर थोडाफार निळेपणा असला तरी परळच्या टॉवरांमागे पांढुरकंच दिसतं ते यामुळे.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. सावलीतला चेहरा नीट यावा म्हणून कॅमेरा जास्त उजेड आत घेतो आणि तेवढ्यात आकाशाच्या जागी सेन्सर काठोकाठ भरतो. नेहमीच्या जेपेग फोटोत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ असे टप्पे असतात. तिन्ही २५५ला टेकले की तिथे ढग होता का, कसा होता, याची काहीच नोंद राहत नाही. डोळ्यांनी बघताना हा प्रश्न येत नाही, कारण नजर चेहऱ्यावरून आकाशाकडे वळली की डोळा लगेच जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणात दोन्ही पकडायचं असतं.

यातून पहिलं काम निघतं. आकाश बदलण्याआधी ते खरंच गेलंय का ते तपासा. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढला असेल तर हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर डावीकडे ओढून बघा. रॉमध्ये जेपेगपेक्षा बरीच जास्त माहिती साठवलेली असते आणि कोऱ्या वाटणाऱ्या जागेतून पुष्कळदा राखाडी ढगांचे पदर निघतात. पावसाळ्यातल्या मुंबईला ते शोभतातही. बदललेल्या कित्येक आकाशांना बदलायची गरजच नव्हती असं माझं मत आहे, फक्त हा स्लायडर कुणी हलवून पाहिला नाही.

आकाश बदलायची खोड नवी नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात फोटो काचेवर टिपत, आणि त्या कोलोडियन नावाचा लेप दिलेल्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे निळं आकाश आणि पांढरा ढग दोन्ही सारखेच कोरे छापले जात. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची छायाचित्रं दोन निगेटिव्ह वापरून छापली. एक समुद्राची, दुसरी आकाशाची, आणि जोड बरोबर क्षितिजाच्या रेषेवर. पुढे अनेक जण ढगांच्या काचा वेगळ्या जपून ठेवत आणि तेच ढग निरनिराळ्या गावांवर चढवत. आज सॉफ्टवेअरसोबत आलेली तीच ती तयार आकाशं जगभरच्या फोटोंत दिसतात, त्याची परंपरा अशी जुनी आहे.

कापणं

ल ग्रेला क्षितिजाची सरळ रेषा मिळाली. आपल्याला मिळतात नारळाच्या झावळ्या, बांधकामाच्या क्रेन, गच्चीवरच्या टाक्या आणि एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलेल्या केबलवाल्यांच्या वायरी. या सगळ्यांभोवतीचं आकाश वेगळं काढायचं तर मास्क लागतो. मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचं एक काळं-पांढरं चित्र. जिथे ते पांढरं तिथे नवं आकाश दिसतं, जिथे काळं तिथे ते लपतं, आणि जिथे राखाडी तिथे दोन्ही अर्धवट मिसळतात. खरं कसब त्या राखाडी भागात असतं. झावळीच्या टोकाशी एकाच पिक्सेलमध्ये थोडं पान आणि थोडं आकाश असतं. तिथे काळं किंवा पांढरं यांपैकी एक ठरवून टाकलं की कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते.

पूर्वी हा मास्क हाताने रंगवावा लागे. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ल्युमिनार ४ या सॉफ्टवेअरने तो आपोआप बनवून दाखवला आणि २०२०च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉपमध्येही ही सोय आली. एडिट मेन्यू, त्यात स्काय रिप्लेसमेंट. अनेक मोबाईलच्या गॅलरीतही आकाशाचं बटण आता असतं. आत काय चालतं ते थोडक्यात असं: असंख्य फोटोंमध्ये आकाश कुठे आणि बाकीचं कुठे हे पिक्सेलगणिक खुणा करून आधी दाखवलेलं असतं. त्यावरून शिकलेला प्रोग्रॅम तुमच्या फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलबद्दल 'हे आकाश असण्याची शक्यता किती' याचा अंदाज बांधतो. त्या अंदाजाचंच काळं-पांढरं चित्र झालं की मास्क तयार. मग कडांजवळ मूळ फोटोतले बारकावे बघून तो सुधारला जातो.

अंदाज म्हटला की तो चुकणार, आणि मुंबईत कुठे चुकतो ते आधीच सांगता येतं. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, काचेच्या इमारतींवर आकाशाचंच प्रतिबिंब असतं, ते आकाश समजून खाल्लं जातं. सी लिंकच्या तारा मधूनच तुटतात. लोकलच्या खिडकीतून दिसणारा आकाशाचा चौकोन सुटतो आणि पांढराच राहतो. वडाच्या पानांमधल्या फटींचंही तेच. जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे होतात, क्षितिज माणसालाही दिसत नाही, मग प्रोग्रॅमला कुठून दिसणार? तो कुठेतरी रेषा मारतो आणि ती हमखास वाकडी पडते. मास्क तयार झाल्यावर फोटो शंभर टक्के मापावर उघडून या जागा बघायच्याच. फोटोशॉपच्या स्काय रिप्लेसमेंटमध्येच दोन स्लायडर असतात: शिफ्ट एजने मास्कची कडा आतबाहेर सरकते, फेड एजने ती मऊ होते. दोन्ही थोडेच हलवा. उरलेलं ब्रशने.

आता एक युक्ती, जिच्यासाठी हा सगळा भाग लिहिला. जुनं आकाश पांढरं असणं ही तक्रार असली तरी कापण्याच्या कामात ते मोठं सुख आहे. नवं आकाश फोटोवर वेगळ्या लेयरमध्ये, म्हणजे थरात, ठेवायचं. लेयरच्या ब्लेंड मोडमध्ये, म्हणजे तो थर खालच्यात कसा मिसळायचा त्या यादीत, मल्टिप्लाय नावाचा पर्याय असतो. दोन पारदर्शक स्लाइड एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरल्या तर कोऱ्या भागातून दुसरी स्लाइड जशीच्या तशी दिसते आणि काळा भाग काळाच राहतो, तसंच मल्टिप्लायमध्ये होतं. गणित सोपं आहे: दोन्ही आकडे गुणायचे आणि २५५ने भागायचं.

समजा जुनं पांढरं आकाश २५० आहे, नवं आकाश १२० आणि झावळीचा गडद भाग ३०. आकाशाच्या जागी २५० गुणिले १२० भागिले २५५, म्हणजे साधारण ११८. नवं आकाश जवळपास जसंच्या तसं आलं. आता कडेचा तो अवघड पिक्सेल घ्या, अर्धं पान आणि अर्धं आकाश, म्हणजे १४०. साध्या कापाकापीत हा १४० तसाच मागे राहतो आणि ११८च्या आकाशाला लागून एक उजळ किनार दिसू लागते. झाडाभोवती दिसणारं ते पांढरं वलय म्हणजे हेच जुन्या आकाशाचं उरलेलं. मल्टिप्लायमध्ये मात्र १४०चे ६६ होतात. खऱ्या नव्या आकाशासमोर पान असतं तर तिथे ३० आणि १२० यांचा मध्य, म्हणजे ७५ आला असता. ६६ आणि ७५ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. एकही पान न कापता, एकही वायर न तोडता काम होतं.

हे चालतं ते समोरची वस्तू गडद असेल तोवरच. पांढऱ्या रंगाची इमारत २३० असेल तर गुणाकारानंतर ती १०८ होते आणि आकाशात विरघळून जाते. म्हणून इमारतींना मास्क लावायचा. त्यांच्या कडा सरळ असल्याने तो सोपाही पडतो. झाडं, वायरी, क्रेन आणि माणसांचे भुरभुरणारे केस मल्टिप्लायवर सोडायचे. एकाच फोटोत दोन्ही पद्धती वापरायला कुणाची हरकत नाही. नवं आकाश जमिनीवर उतरू नये म्हणून त्याच्या मास्कचा खालचा भाग मोठ्या मऊ ब्रशने काळा करून टाका.

मास्क हातानेच करायचा असेल तर निळा चॅनल, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्याच्या आकड्यांचं काळं-पांढरं चित्र, बघा. हिरवी पानं, लाल विटा, माणसांची त्वचा या सगळ्यांत निळा कमी असतो आणि आकाशात भरपूर, त्यामुळे नुसता निळा चॅनल पाहिला तर अर्धा मास्क तयारच दिसतो. त्याची प्रत करायची आणि लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज वापरून काळा-पांढरा फरक ताणायचा. फोटोशॉपचं भाडं परवडत नसेल तर गिंप फुकट आहे. एका बटणाची सोय त्यात नाही, पण लेयर, मास्क, मल्टिप्लाय, चॅनल हे सगळं आहे.

जमिनीवरचा उजेड वाचणं

कडा उत्तम जमल्या तरी फोटो खोटा का वाटतो? कारण आकाश हे दृश्यामागे टांगलेलं कापड नाही, दृश्यावर पडणारा उजेड तिथूनच येतो. आकाश बदललं म्हणजे दिवा बदलला.

ढगाळ दिवशी अख्खं आकाश हाच दिवा असतो. उजेड सगळीकडून येतो, म्हणून सावल्यांना कडा नसते. गाडीखाली, बाकाखाली, हनुवटीखाली नुसता काळपटपणा असतो. मोकळ्या उन्हात उलट असतं. सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा, इतका छोटा दिवा असला की सावल्या रेखीव पडतात. आता बहुतेक नकली आकाशांची चूक सापडेल: खाली सावली नावालाही नाही आणि वर कडक निळं आकाश. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

याहून सूक्ष्म गोष्ट उजळपणाची. ढगाळ आकाश स्वतःच दिवा असल्याने साधारणपणे ते फोटोतल्या इतर सगळ्या गोष्टींपेक्षा उजळ असतं. त्याच्याच उजेडात उभ्या असलेल्या माणसाचा सदरा त्याच्यापेक्षा फारसा उजळ कसा असेल? स्वच्छ दिवशी मात्र उजेड सूर्याकडून येतो, आणि उन्हातला पांढरा सदरा मागच्या निळ्या आकाशापेक्षा सहज उजळ दिसतो. म्हणजे ढगाळ फोटोवर गडद निळं आकाश बसवलं की दिवाच काढून घेतल्यासारखं होतं. खाली माणसं उजळलेली आहेत, पण कशाने, ते दिसत नाही.

यातून निवडीचा नियम आपोआप निघतो. सावल्या नसलेल्या फोटोला ढगांचंच आकाश द्या. फक्त आकार असलेले, थोडे गडद-फिके पदर असलेले ढग निवडा आणि ते उजळ ठेवा. नवं आकाश हवं तितकं गडद करायचा मोह होतो, तो आवरा. सावल्या असतील तर निळं आकाश चालेल, पण मग सूर्य कुठल्या बाजूला ते सावल्यांना विचारा. विजेच्या खांबाची सावली बघा, नाकाची बघा. सूर्य डावीकडे असेल तर ढगांची उजळ बाजूही डावीकडे हवी. नसेल तर फ्लिप वापरून आकाश आडवं उलटवा. सूर्यच दिसत असलेलं आकाश घेतलं तर समोरच्या माणसांच्या तोंडावर ऊन असूच शकत नाही, कारण सूर्य त्यांच्या पाठीमागे आहे. प्री-वेडिंगच्या फोटोंत ही चूक इतकी दिसते की आता तिची सवयच झाली आहे.

काळ्याकुट्ट पावसाळी ढगांचं काय, असं कुणी विचारेल. ते फार छान बसतात, पण एका अटीवर. संध्याकाळी पश्चिमेला ढग फुटून ऊन बाहेर येतं आणि पूर्वेला अजून काळोख दाटलेला असतो, तेव्हा उजळलेल्या इमारती काळ्या आकाशावर खरोखर उठून दिसतात. फोटोतल्या इमारतींवर पश्चिमेचं ऊन नसेल तर त्यांच्यामागचं काळं आकाश अधांतरी वाटतं.

दिशांच्या बाबतीत मुंबईकरांना फसवणं अवघडच. पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, त्यामुळे समुद्रावर मावळणं ही रोजची ओळखीची गोष्ट. त्यातही सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. मुंबईच्या अक्षांशावर तो डिसेंबरात नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला सरकतो. मरीन ड्राइव्हच्या मधल्या कठड्यावर बसलात तर जूनमधला सूर्य मलबार हिलच्या आड जातो आणि डिसेंबरमधला मोकळ्या समुद्रात बुडतो. भर दुपारच्या फोटोंसाठी आणखी एक गंमत: मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी काढलेल्या फोटोत खांबाची सावली त्याच्या पायाशीच गोळा झालेली असते. त्याच्यामागे तिरप्या उन्हाचं सोनेरी आकाश लावलं तर कुठलाच हिशोब जुळणार नाही.

मग येतो रंग. संध्याकाळचं आकाश लावलं तर जमिनीवरही तो तांबूसपणा थोडा उतरायला हवा. फोटोशॉप पुढच्या दृश्यावर नव्या आकाशाचा रंग आपणहून चढवतं आणि त्याचं प्रमाण कमी-जास्त करता येतं. सगळीकडे सारखा रंग चढवू नका. आकाशाकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांवर, म्हणजे गच्च्या, टॅक्सीचे टप, रस्ता, खांदे, केस यांवर जास्त आणि खालच्या-आतल्या भागांवर कमी. गेटवेचा पिवळसर बेसॉल्ट किंवा फोर्टमधल्या जुन्या इमारतींचे दगड मुळातच उबदार रंगाचे आहेत, त्यांना केशरी रंग जरा जास्त झाला की ते हळद माखल्यासारखे होतात.

पाणी विसरू नका. पावसाळ्यातला मुंबईचा रस्ता म्हणजे अर्धा आरसा. वर जांभळं आकाश आणि खाली डबक्यात पांढरं, असं दिसलं की फोटो संपला. नव्या आकाशाची प्रत उभी उलटवायची, पाण्याच्या भागावर मास्कने बसवायची, थोडी अस्पष्ट आणि आकाशापेक्षा थोडी गडद ठेवायची. आपल्या पायाजवळच्या पाण्यात प्रतिबिंब फिकं आणि दूरच्या पाण्यात ठळक दिसतं, कारण नजर जितकी तिरपी तितकं पाणी जास्त परावर्तन करतं. मास्क तसा वर-खाली फिका-गडद करा. गाड्यांच्या काचा आणि दुकानांचे काचेचे दरवाजे यांतही आकाश असतं, तिथे थोडासा रंग चढवला तरी निभावतं.

राहिला मापाचा प्रश्न. मान वर करून काढलेला ढग आणि क्षितिजाजवळचा ढग यांचा आकार वेगळा असतो. डोक्यावरचे ढग मोठे, गोलसर, तर दूरचे ढग लहान, चपटे आणि एकमेकांना चिकटून आडवे. शिवाय क्षितिजाकडे आकाश फिकं होत जातं. चौपाटीच्या फोटोत पाण्याला टेकून डोक्यावरचा भलामोठा ढग आणि गडद निळा रंग आला की ते चित्र कॅलेंडरचं वाटतं. नवं आकाश क्षितिजासकट काढलेलं असेल आणि त्याचं क्षितिज तुमच्या फोटोतल्या क्षितिजावर आणून बसवलं तर हे सगळं आपसूक जुळतं. इमारतींमागे क्षितिज लपलं असेल तर फोटो काढताना डोळे ज्या उंचीवर होते तीच क्षितिजाची उंची समजा. शेवटी नव्या आकाशावर थोडा कणीदारपणा घाला. मोबाईलने संध्याकाळी काढलेल्या फोटोत दाणे असतात आणि विकतचं आकाश मात्र गुळगुळीत असतं, तो फरक छापल्यावर जास्तच उघडा पडतो.

कुठे बदलू नये, आणि स्वतःची आकाशं

घरच्या अल्बमात काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. बातमीच्या फोटोत मात्र आकाश बदलणं म्हणजे खोटी बातमी देणं. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत चित्रात काही घातलं किंवा काढलं तर प्रवेशिका बाद होते. मुंबईच्या हवेबद्दल लिहिताना सोबतच्या फोटोतलं आकाश कुणी धुऊन दिलं तर लेखाला काय अर्थ राहिला? फ्लॅटच्या जाहिरातीतही निळं आकाश एकवेळ चालेल, पण आकाश बदलण्याच्या निमित्ताने समोरचा टॉवर मास्कखाली गडप करणं ही सरळ फसवणूक आहे, आणि तंत्राच्या दृष्टीने दोन्हींना लागणारा वेळ सारखाच आहे.

सॉफ्टवेअरमधली तयार आकाशं टाळायची असतील तर स्वतःचा साठा करा. पावसाने दोन-तीन तास झोडपून उघडीप दिली की धूळ बसलेली असते आणि ढगांना आकार असतो, ती वेळ सर्वांत चांगली. ऑक्टोबरचे पहिले आठवडेही बरे. वरळी सी फेसवर उभं राहून क्षितिज चौकटीच्या तळाशी ठेवायचं आणि उजेड किंचित कमी घेऊन फोटो काढायचा, म्हणजे ढगांचे उजळ भाग २५५ला टेकत नाहीत. पूर्वेकडची आकाशं मुद्दाम जमवा, कारण पश्चिमेची सगळ्यांकडेच असतात. सकाळी शिवडी किंवा भाऊच्या धक्क्याकडे ती मिळतात. आणि नुसती राखाडी, पदर असलेली ढगाळ आकाशं भरपूर काढून ठेवा. ती काढायला मुद्दाम कुणी जात नाही, पण मुंबईच्या फोटोंवर सर्वांत जास्त तीच बसतात. फाइलच्या नावात दिशा, महिना, वेळ आणि लेन्सचं माप लिहा: 'पश्चिम, जुलै, संध्याकाळ साडेपाच, २४ मिमी' एवढं पुरे. सहा महिन्यांनी फोटोतल्या सावल्या बघून आकाश शोधायला बसाल तेव्हा याच चार गोष्टी विचाराल.